कंबरेसाठी मणक्याचं मॅनिप्युलेशन, सहा सिटिंगनंतर
कंबर तीन महिन्यांच्या वर दुखत होती, मोजे घालायला वाकलं की कळ यायची, शेवटी मॅनिप्युलेशन करून घेतलं. कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा पोटाकडे, खांदा मागे, आणि मग छोटासा पण झटकन दाब, कट्ट आवाज येतो. तो हाड जागेवर बसल्याचा आवाज नाही हं, सांध्यातल्या द्रवात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा आहे, नाही आला तरी काही बिघडत नाही. पहिल्या दोन वेळा दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं. आता दुखणं निम्म्यावर आलंय, गेलेलं नाही. 2019 च्या बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातल्या रिव्ह्यूत 47 ट्रायल्स एकत्र तपासल्यात, त्यातही फायदा व्यायामासारख्या इतर उपचारांइतकाच दिसतो, म्हणून व्यायाम मी सोडलेला नाही. आधी एकाने नीट न तपासताच 'मणका सरकलाय, वर्षभराचं पॅकेज घ्या' म्हटलं, तिथून सरळ उठून आले. हाडं ठिसूळ असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि प्लीज, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणं किंवा लघवीवर कंट्रोल नसणं असं काही असेल तर इकडे नको, थेट हॉस्पिटल गाठा.