स्टॅबिलायझर घ्यायचाय: रिले, सर्वो की काहीच नको?

एप्रिल लागला की सोलापुरात नव्या एसीच्या मागोमाग स्टॅबिलायझरचा प्रश्न येतोच. दुकानदार म्हणतो चार केव्हीए घ्या. एसी बसवायला आलेला पोरगा म्हणतो, इन्व्हर्टर एसी आहे, लागतच नाही. आणि पूर्व भागातला यंत्रमागाचा कारखानदार ठासून सांगतो, सर्वोशिवाय काही खरं नाही. तिघेही बरोबर असू शकतात, कारण तिघांच्या बोर्डावर येणारं व्होल्टेज वेगळं असतं.

दुकानात शिरण्याआधी एक गोष्ट पक्की करा. स्टॅबिलायझर व्होल्ट चढवतो, वॅट तयार करत नाही. एसीला २२० व्होल्टवर ८ अँपिअर लागत असतील, तर ते १७६० व्होल्ट-अँपिअर झाले (हजार व्होल्ट-अँपिअर म्हणजे एक केव्हीए). लाईनला १६० व्होल्टच असतील तर तेवढ्यासाठी स्टॅबिलायझर लाईनमधून ११ अँपिअर ओढणार, शिवाय स्वतःची थोडी तूट वेगळी. म्हणजे डिस्प्लेवर ‘२२०’ बघून तुम्ही निर्धास्त असता, तेव्हा मीटरपासून बोर्डापर्यंतची वायर मात्र जास्त तापत असते.

आधी मोजा

साधा मल्टिमीटर पुरतो, पण तो ६०० व्होल्ट कॅट-३ दर्जाचा (मेन लाईनवर वापरायला सुरक्षित) असावा आणि जमल्यास ट्रू आरएमएस (लहर वेडीवाकडी असली तरी खरा आकडा दाखवणारा). तीन-चार दिवस सकाळी सहाला, दुपारी तीनला आणि रात्री दहाच्या सुमारास एसीच्याच सॉकेटवर रीडिंग घ्या. मीटर हाताळायची सवय नसेल तर सॉकेटात खोचायचा सोळा अँपिअरचा वॅटमीटर आणा. त्यात व्होल्ट, अँपिअर, वॅट आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती, ते सांगणारा आकडा) सगळंच दिसतं.

प्रत्येक वेळी दोन आकडे लिहा, एक एसी बंद असताना आणि एक एसी पूर्ण जोरात चालू असताना. दोन्हींत चार-पाच व्होल्टचा फरक असेल तर ठीक. बंद असताना २१२ आणि चालू केल्यावर १९४ दिसत असेल, तर दोष महावितरणच्या डीपीपेक्षा (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा) तुमच्या सर्व्हिस वायरमध्ये, म्हणजे खांबापासून मीटरपर्यंतच्या वायरमध्ये, किंवा कुठल्या तरी सांध्यात असण्याची शक्यता जास्त. घरातली वायरिंग सहसा एवढं व्होल्टेज खात नाही. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरची जाण्यायेण्याची मिळून तीस मीटर लांबी धरली, तरी १० अँपिअरला जेमतेम सव्वादोन व्होल्ट पडतात. अठरा व्होल्ट पडतात ते ढिल्या न्यूट्रलमध्ये, काळ्या पडलेल्या फ्यूजच्या कटआउटमध्ये किंवा ॲल्युमिनियम आणि तांबं नुसतं पिळून जोडलेल्या जागी. अशा लाईनवर स्टॅबिलायझर लावला की तो जास्त करंट ओढतो, सांधा अजून तापतो, व्होल्टेज अजून पडतं आणि स्टॅबिलायझर पुढची पायरी चढतो. वायरमनला दोनशे रुपये देऊन सुटणारं काम अनेक जण हजारो रुपयांच्या डब्याने झाकायला बघतात.

एसी बंद असतानाच रात्री १७५ दिसत असेल, तर गोष्ट निराळी. तिथे लाईनच कमी आहे.

(रायचूर–सोलापूर ७६५ केव्हीची लाईन ३१ डिसेंबर २०१३ ला सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड देशाच्या ग्रीडला जोडलं गेलं. फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे. तरी गल्लीच्या शेवटच्या खांबावर पंखा रेंगाळतो तो कसा? ग्रीड मोठं झालं की ५० हर्ट्झ सांभाळणं सोपं जातं. व्होल्टेज मात्र डीपीवरचा लोड आणि तिथून तुमच्यापर्यंतची तार ठरवते.)

रिलेचा स्टॅबिलायझर

घरगुती एसी-फ्रिजसाठी मिळतो तो बहुतेक हाच. आत एक ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्या गुंडाळीतून चार-पाच ठिकाणी तारा, म्हणजे टॅप, काढलेले असतात आणि छोट्या सर्किटच्या हुकमाने रिले एका टॅपवरून दुसऱ्यावर जातात. ‘टक्’ असा आवाज येतो तो त्याचाच.

तो कसा वागतो हे एका उदाहरणाने बघा. इनपुट २१० आहे, टॅप सरळ आहे, आउटपुटही २१०. लाईन उतरत २०२ वर आली की टक्, पहिला बूस्ट, म्हणजे व्होल्टेज चढवणारा टॅप, लागला. गुणोत्तर १.१४ धरलं तर आउटपुट एकदम २३०. पुढे लाईन १७८ पर्यंत घसरते, आउटपुट २०३ होतं, पुन्हा टक्, १.३० चा टॅप आणि आउटपुट २३१. म्हणजे आउटपुट कधीच एका जागी राहत नाही. २०० ते २३० च्या मध्ये पायऱ्यापायऱ्यांनी फिरत राहतं. ही खराबी नाही, रचनाच तशी आहे. एसीच्या कॉम्प्रेसरला आणि फ्रिजला एवढं चालतं.

खोड दिसते ती वर सांगितलेल्या कमजोर लाईनवर. कॉम्प्रेसर सुरू झाला, लाईन पंधरा व्होल्ट पडली, बूस्ट लागला. कॉम्प्रेसर थांबला, लाईन वर आली, बूस्ट सुटला. दिवसभर टकटक चालू. रिलेचे कॉन्टॅक्ट असेच जळतात. एखादा कॉन्टॅक्ट चिकटला की बूस्ट सुटत नाही आणि रात्री बाराला लाईन २३५ झाली की आउटपुट २६५ च्या वर जातं. म्हणून हाय-कट, म्हणजे आउटपुट फार चढलं की तोडायची सोय, असलेलाच मॉडेल घ्या. साध्या, म्हणजे बिगर-इन्व्हर्टर एसीला सुमारे तीन मिनिटांचा टाइम डिलेही हवा. लाईट जाऊन लगेच आली तर गॅसचा दाब उतरायच्या आत कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतो आणि जाम होतो.

आता डिस्प्लेबद्दल. इनपुटचा आकडा बहुधा खरा असतो. आउटपुटच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून भरवसा नको. काही स्वस्त मॉडेलमध्ये आउटपुट मर्यादेत आलं की प्रोग्रॅम सरळ ‘२२०’ किंवा ‘२३०’ दाखवतो, प्रत्यक्षात २०४ का असेना. ओळखायची खूण सोपी आहे: इनपुट दहा व्होल्ट हललं, टक् झालं नाही, तरी आउटपुटचा आकडा ढिम्म? मग तो मोजलेला नाही, छापलेला आहे. दुकानातच मल्टिमीटर लावून दाखवायला सांगा. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरी गंमत केव्हीएची. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘४ केव्हीए, दीड टन एसीसाठी’. मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत पुष्कळदा ‘१२ अँपिअर’. आता २३० ला १२ ने गुणा, पावणेतीन केव्हीएच होतात. दीड टन एसीला ते पुरतं, पण त्याच चार केव्हीएवर एसीसोबत गीझरही चालेल असं समजू नका. नावावर न जाता अँपिअर वाचा, आणि ते अँपिअर किती इनपुटपर्यंत मिळतात तेही विचारा. १३० व्होल्टवर पूर्ण लोड झेपेल असं फार थोडे लिहून देतात. या प्रकारासाठी भारतीय मानक आयएस ८४४८ आहे. पट्टीवर त्याचा उल्लेख शोधा.

काही मॉडेल वॅटही दाखवतात. तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर एवढंच केलेलं असेल तर तो आकडा वॅटचा नसून व्होल्ट-अँपिअरचा आहे. जुना फ्रिज २३० व्होल्टवर १.१ अँपिअर घेत असेल तर गुणाकार २५३ येतो. पॉवर फॅक्टर ०.६५ असेल तर खरे वॅट १६५ च. वीजबिलाचा हिशेब या डिस्प्लेवरून करू नका.

सर्वो

सर्वोत पायऱ्या नाहीत. गोल व्हेरिॲकवर (तांब्याच्या तारेच्या उघड्या गुंडाळीवर) कार्बन ब्रश फिरतो, त्याला छोटी मोटर फिरवते आणि बक-बूस्ट ट्रान्सफॉर्मर हवं तेवढंच व्होल्टेज मिळवतो किंवा वजा करतो. आउटपुट एक टक्क्याच्या आत, म्हणजे २३० च्या जागी २२८ ते २३२. आकड्यांत बघितलं तर रिले त्याच्या जवळही येत नाही.

किंमत मोजावी लागते ती वेगाची आणि देखभालीची. ब्रश सरकायला वेळ लागतो, सेकंदाला साधारण वीस-तीस व्होल्ट. एरवी हे जाणवत नाही. जाणवतं ते लाईट जाऊन आल्यावर. समजा लाईट गेली तेव्हा लाईन १८० ला होती आणि ब्रश त्या जागी थांबला आहे, गुणोत्तर १.२८. लोड उतरल्यामुळे लाईट परत आली ती थेट २३५ ने. पहिल्या क्षणी आउटपुट ३०० व्होल्ट. ब्रश खाली यायला तीन-चार सेकंद, आणि तेवढ्यात एखादा पीसीबी उडालेला असतो. त्यामुळे सर्वो घेताना आउटपुटला कॉन्टॅक्टर (आउटपुट जोडणारा-तोडणारा स्विच), ओव्हर-व्होल्टेज ट्रिप (व्होल्टेज जास्त झालं की तोडणारी सोय) आणि ऑन-डिले (लाईट आल्यावर थोडं थांबून जोडणं) हे तीन नसतील तर एक टक्क्याची अचूकता काही कामाची नाही. याचं मानक आयएस ९८१५.

सोलापुरातला ब्रशचा शत्रू म्हणजे कापसाची धूळ. कारखान्यात ती व्हेरिॲकच्या उघड्या तांब्यावर बसते, ब्रश ठिणग्या काढतो आणि तार काळी पडते. सर्वो मागांच्या खोलीत ठेवू नका. दर दोन-तीन महिन्यांनी मेन बंद करून कोरड्या हवेने साफ करा, ब्रशची लांबी बघा. सारखी घरघर ऐकू येत असेल आणि आउटपुट २२६-२३४ असं झुलत असेल, तर सेन्सिटिव्हिटीचा प्रीसेट फार बारीक लावलेला आहे.

घरच्या एका एसीसाठी सर्वो? आमच्या मते नको. त्याच पैशांत सर्व्हिस वायर बदलून रिलेचा चांगला स्टॅबिलायझर येतो. एक्स-रे, लॅबची यंत्रं, फोटो-प्रिंटिंग अशा ठिकाणी मात्र तो शोभतो.

मागांच्या कारखान्यात

इथे घाई नको. एक एचपीचे (७४६ वॅटचे) बारा साधे माग असतील तर ८९५२ वॅट. मोटरची कार्यक्षमता ७८ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.७५ धरला तर सुमारे १५.३ केव्हीए, थोडी जास्तीची जागा ठेवून २० केव्हीए. ४१५ व्होल्टवर दर फेजला २८ अँपिअर. पण इनपुट ३०० पर्यंत पडलं की हेच ३८.५ अँपिअर होतात. केबल आणि मेन स्विच या दुसऱ्या आकड्यावर ठरवा.

कोटेशनमध्ये ‘३४० ते ४६०’ की ‘३०० ते ४७०’ हे नीट बघा. केव्हीए तेवढेच दिसले तरी दुसऱ्यात आतलं तांबं बरंच जास्त लागतं. दुसरा स्वस्त मिळत असेल तर काही तरी कापलेलं आहे. कारखान्यात सिंगल फेजचा लोडही असतो, फेजमध्ये फरक राहतो. तिन्ही फेजना वेगळी मोटर असलेला, म्हणजे अनबॅलन्स्ड प्रकारचा घ्या. एकाच कंट्रोलचा सर्वो एक फेज बघतो आणि तिन्हींना तेवढंच चढवतो.

पण साध्या मागांना सर्वो लागतोच का? मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो: दहा टक्के व्होल्टेज कमी म्हणजे जोर ८१ टक्के. ३८० पर्यंत माग निमूट चालतात. त्याखाली रोज जात असेल तर विचार करा. त्याआधी मोटरजवळ योग्य मापाचे कपॅसिटर लावा, तुमच्याच केबलमधली तूट कमी होते. रॅपिअर किंवा इलेक्ट्रॉनिक जॅकार्डसारखा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा माग असेल तर नुसत्या कंट्रोल पॅनेलला छोटा सिंगल फेज स्टॅबिलायझर देणं अख्ख्या कारखान्याला सर्वो लावण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

काहीच न लावणं

इन्व्हर्टर एसी आतमध्ये आधी डीसी बनवतो, मग कॉम्प्रेसरला हवी तशी वीज देतो. त्यामुळे व्होल्टेज थोडं वरखाली झालं तरी त्याला फिकीर नसते. खोक्यावरची रेंज वाचा. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये आठवडाभराची रीडिंग १९५ ते २४५ येत असतील आणि एसीची रेंज त्याहून मोठी असेल, तर स्टॅबिलायझर म्हणजे भिंतीवर टांगलेला खर्च, आणि तो बसल्याबसल्या थोडी वीजही खातो. लक्षात ठेवा, व्होल्टेज पडलं की इन्व्हर्टर एसीही करंट वाढवून घेतो. १५०० वॅटला २३० वर सातच्या आसपास अँपिअर, १७० वर सव्वानऊ. वायर चार चौरस मिलिमीटरचीच ओढा.

एक धोका मात्र ही रेंज झेलत नाही: न्यूट्रल तुटणं. तेव्हा घरात ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात. त्यासाठी बोर्डात अंडर-ओव्हर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. तो व्होल्टेज चढवत-उतरवत नाही, मर्यादेबाहेर गेलं की सरळ तोडतो. बऱ्याच घरांना स्टॅबिलायझरपेक्षा याचीच गरज असते.

गीझर आणि इस्त्रीला तर कधीच नको. १९० व्होल्टवर २००० वॅटचा गीझर १३६५ वॅटचा होतो; दहा मिनिटांचं पाणी पंधरा मिनिटांनी तापेल, एवढंच.

बसवताना

मे महिन्यात इथे पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. स्टॅबिलायझर कपाटावर किंवा पडद्यामागे कोंबू नका, चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा. अर्थिंग तपासा. एसी तासभर पूर्ण जोरात चालवा, मग मेन बंद करून प्लग काढा आणि पिनला बोट लावून बघा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला किंवा सॉकेटचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं दिसलं, तर सोळा अँपिअरचं नवं सॉकेट आणा. स्टॅबिलायझर घेऊन दुकानात भांडायला जाऊ नका.