टॉर्चने वात आणला: मुलांचं ‘प्रकाश आणि इंद्रधनुष्य’ किट, सहा-सात महिने वापरल्यावर

किटमध्ये टॉर्च, एक प्रिझम (प्रकाशातले रंग सुटे करणारा पारदर्शक त्रिकोणी तुकडा), फटीचा पुठ्ठा आणि पुस्तिका येते. थेट टॉर्चवर येतो. 1,299 रुपयांच्या डब्यातला हा टॉर्च बटण सेलवर चालतो. लेकीने जेमतेम दोन रविवार वापरला आणि त्याने मान टाकली. नवे सेल घातले तरी ढिम्म. कस्टमर केअरचं उत्तर: “सर, टॉर्च कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही.” खडू झिजतो हो, टॉर्च कसा झिजेल? मग व्हिडिओ पाठवा, बिल पाठवा, बारकोडचा फोटो पाठवा. एवढं सगळं झाल्यावर पार्सल आलं, त्यात निघाला आणखी एक प्रिझम!

बरं, चालू होता तेव्हा तरी काय दिवे लावले? पुस्तिकेतल्या चित्रात कागदावर सुबक सात पट्टे आहेत. आमच्याकडे मधे पांढरा डाग, एका कडेला लालसर, दुसऱ्या कडेला निळसर. टॉर्चचा झोत फाकतो, रंग एकमेकांवर चढतात आणि मधे परत पांढरंच होतं. बारीक फट लागते, आणि किटमधल्या पुठ्ठ्याची फट चांगली बोटभर रुंद. काळा कार्डपेपर ब्लेडने चिरून फट केली, तेव्हा कुठे रंग सुटे झाले. लगेच लेकीचा प्रश्न: “बाबा, हिरव्या आणि निळ्याच्या मधे अंधार का?” नेहमीचा पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरचा फॉस्फरचा थर काही निळा प्रकाश शोषून पिवळसर प्रकाश देतो आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. या दोहोंच्या मधला भाग फिकाच राहतो. म्हणजे मुलांकडून ‘तानापिहिनिपाजा’ पाठ करून घ्यायचं आणि दिवा द्यायचा तो असा.

अपडेट, जून: प्रिझम काचेचा नाही, अ‍ॅक्रिलिकचा आहे म्हणून एक तारा कापला होता. तो परत देतोय. अ‍ॅक्रिलिक साध्या काचेपेक्षा रंग कमी पसरवत नाही, किंचित जास्तच पसरवतं. ओरखडे मात्र पटकन पडतात, तेव्हा कोरड्या फडक्याने घासू नका.

टॉर्च गेल्यावर सकाळचं ऊन वापरलं. फुकट, आणि सगळे रंग पुरेपूर. पुस्तिका सांगते कागद वीतभर अंतरावर धरा. न्यूटनने 1666 च्या सुमारास खिडकीच्या झडपेला भोक पाडून ऊन आत घेतलं, तेव्हा रंग पडले ती भिंत 22 फुटांवर होती. आम्ही हॉलच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलो, पट्टा हातभर लांब झाला. आणि तो चुकून आलेला प्रिझम! पहिल्यातून फक्त लाल रंग फटीतून पुढे सोडला, दुसऱ्यातून नेला. वळला, पण लालच राहिला. काच स्वतःचे रंग प्रकाशात मिसळते असं लेकीचं ठाम मत होतं, ते तिथेच संपलं. हा प्रयोगही न्यूटनचाच. एकाच प्रिझमच्या किटमध्ये तो करणार कसा?

इंद्रधनुष्याचं पान मात्र फाडून टाकावं असं आहे. चित्रात धनुष्याच्या शेजारीच सूर्य हसतोय. सूर्य आपल्या पाठीमागे लागतो! धनुष्याचा मध्य आपल्या डोक्याच्या सावलीच्या दिशेला, आणि तिथून कडा साधारण 42 अंशांवर. म्हणून सूर्य त्याहून वर चढला की सपाट जमिनीवरून आभाळात धनुष्य दिसत नाही. आणि सूचना काय, तर ‘भर दुपारी आकाशात शोधा’. थेंबाच्या आत प्रकाश मागच्या बाजूवरून परावर्तित होतो याचाही उल्लेख नाही. ऑगस्टमध्ये संध्याकाळी पूर्वेला जोडधनुष्य दिसलं, बाहेरच्याचे रंग उलटे. थेंबात दोनदा परावर्तन झालं की असं होतं, हे मलाच सांगावं लागलं.

पूर्ण किमतीला घेऊ नका. शाळांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात सुटे प्रिझम मिळतात, दोन घ्या. माझ्याकडून अडीच तारे.

ताजी खबर: कंपनी म्हणते, चुकून आलेला प्रिझम परत पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा. आधी टॉर्च पाठवा, मग बघू.