सहावी ते आठवीचं विज्ञान ऑनलाइन: लाइव्ह क्लास, खान अकॅडमी, दीक्षा की फेट?

मे महिना आला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो, पोरगं सहावीत गेलं, विज्ञानाला ऑनलाइन काही लावू का आणि लावायचं तर कुठलं. आमच्याकडे मुलगी आता आठवी संपवतेय, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश, आणि या मधल्या वर्षांत घरात बरंच काही वापरून झालंय, त्यामुळे एकदाच सविस्तर लिहून टाकतो. सातवीपासूनच आयआयटीचं फाउंडेशन वगैरे जे चालतं त्यात मी पडत नाही, तो वेगळा विषय आहे. फी, किती तासांचे व्हिडिओ, कुठल्या फोनवर चालतं हे सगळं तुम्हाला त्यांच्या साइटवर दिसेलच, ते इथे उगाळत बसत नाही.

आधी पैसे भरून लावायचा लाइव्ह क्लास. आम्ही लावला होता एक, नाव घेत नाही कारण बाकीच्या पालकांकडून जे ऐकतो त्यावरून सगळीकडे थोडंफार असंच असावं. शिकवणारे सर खरंच चांगले होते हो, आवाज स्वच्छ, चित्रं हलती, उदाहरणं पण आपल्या घरातली. संध्याकाळची ठरलेली वेळ असल्यामुळे पोरगी आपणहून टेबलाशी बसायची, आणि ज्या घरात दोघंही कामावरून उशिरा येतात तिथे या एका गोष्टीलाच किती किंमत आहे ते मला माहितीये. मग बिनसलं कुठे? तर माइक.

मुलांचे माइक कायम म्यूट. समजू शकतो, एवढी पोरं एकदम बोलायला लागली तर मासळी बाजार होईल. प्रश्न असेल तर चॅटमध्ये टाका असं सांगायचे. आता वीज चालू होती, आणि आमच्या बाईसाहेबांना प्रश्न पडला, की एका सेलवर एक बल्ब लागतो, मग त्याच सेलला समांतर जोडणीत दोन बल्ब लावले तर करंट दोघांत वाटला जाऊन दोन्ही मंद लागतील ना? मी शेजारी बसलो होतो, मला वाटलं फार छान प्रश्न आहे, मोठ्या माणसांनाही असंच वाटतं. तिने टाइप केला, आणि सर नेमके तेव्हाच म्हणाले "समजलं का सगळ्यांना?", झालं, खाली धडाधड यस सर, यस सर, यस सर, कोणी अंगठा, कोणी नुसताच गुड ईव्हनिंग सर, आणि हिचा प्रश्न वर सरकत सरकत दिसेनासा झाला. तिने परत टाकला, परत गेला. मग उत्तर आलं की डाउट असतील त्यांनी रविवारच्या डाउट सेशनला या. रविवारी आम्ही एका लग्नाला होतो. त्याच्या पुढच्या रविवारी मीच आठवण केली तर म्हणते, "जाऊ दे ना बाबा, आता आठवत पण नाही काय विचारायचं होतं."

म्हटलं तर फार छोटी गोष्ट आहे आणि काही पालक म्हणतील की शाळेत साठ मुलांच्या वर्गात तरी कुठे विचारता येतं, बरोबर आहे, पण शाळेत निदान बाकावरच्या मैत्रिणीला कोपर मारून विचारता येतं. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. या वयात विज्ञान म्हणजे "मग असं केलं तर?" हेच असतं, आणि त्या "तर"ला लगेच उत्तर मिळालं नाही तर तो पुढच्या रविवारपर्यंत जिवंत राहत नाही. तेव्हापासून मी सगळ्या गोष्टी याच एका चाळणीतून बघतो, त्यामुळे माझं मत एकांगी वाटू शकतं, आधीच सांगितलेलं बरं.

खान अकॅडमी तुम्हाला माहीत असेलच, व्हिडिओ आणि सराव प्रश्नांची साइट, फुकट आहे, जाहिराती नाहीत. तिचा खरा उपयोग आम्हाला झाला तो मागे जायला. म्हणजे आठवीत दाब शिकताना लक्षात आलं की क्षेत्रफळाचंच डळमळीत आहे, तर गुपचूप खालच्या इयत्तेचं काढून करता येतं, कोणी हसत नाही. सराव प्रश्नात उत्तर चुकलं तर का चुकलं ते पायरी पायरीने उलगडून दाखवतात, हे गाइडमध्ये मिळत नाही. ज्या मुलाला एखादी गोष्ट शांतपणे, थांबवून, दोनदा ऐकायची सवय आहे त्याला हे बहुधा सगळ्यात जास्त मानवेल. फक्त माझ्या चाळणीत घातलं तर व्हिडिओ त्याच्या वाटेने जातो, तुमच्या पोराच्या वाटेने नाही, आणि तो व्हिडिओचा स्वभावच आहे, त्याला काय करणार.

दीक्षाबद्दल लोक उगाच नाकं मुरडतात. २०१७ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेलं शालेय शिक्षणाचं अ‍ॅप आहे हे, आणि बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की थेट त्याच धड्याचं साहित्य उघडतं, मराठीत, आपल्याच पुस्तकाच्या क्रमाने. घटक चाचणीच्या आदल्या दिवशी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. खूप जणांनी मिळून केलेलं असल्याने एक धडा अप्रतिम तर दुसरा आपला ठीकठाक असं होतं, पण पुस्तकाला धरून आहे आणि फुकट आहे, घरात राहू द्या. पुस्तकंही ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मिळतात, इंग्रजी आणि मराठी दोन्ही माध्यमांची उतरवून ठेवली तर सेमीच्या मुलांचे संज्ञांचे अर्धे घोळ तिथेच मिटतात.

आता फेट (PhET), म्हणजे सिम्युलेशनं, स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचा प्रकल्प आहे, २००२ मध्ये कार्ल वायमन यांनी सुरू केला, ज्यांना त्याच्या आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं होतं. यात शिकवणारं कोणी नाही. स्क्रीनवर सामान असतं, सेल, तारा, बल्ब, स्विच, आणि तुम्ही ते जोडायचं. लॉगिन नाही, पैसे नाहीत, बऱ्याचशा सिम्युलेशनला मराठी भाषांतर आहे, आणि एक एक सिम्युलेशन फाइल म्हणून उतरवून ठेवलं की नंतर नेट नसलं तरी चालतं, म्हणजे गावाला आजोबांकडे गेल्यावर सुद्धा.

तो चॅटमध्ये वाहून गेलेला प्रश्न आम्ही इथे विचारला. सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये तिने एक बल्ब लावला, शेजारी समांतर दुसरा लावला, आणि दोन्ही पहिल्याइतकेच लख्ख. "चुकलंय हे," ती म्हणाली. मी म्हटलं बघ काय चुकलंय ते. मग तिने करंट मोजणारा अ‍ॅमीटर घेतला, सेलजवळ लावला, एका बल्बजवळ लावला, आणि तिचं तिलाच दिसलं की सेलमधून निघणारा करंटच दुप्पट झालाय, ठरलेला करंट दोघांत वाटला जात नाहीये. मग एकसर जोडणीत लावून बघितले, तिथे दोन्ही मंद. कोणी एक वाक्य सांगितलं नाही. त्यानंतर अर्थातच तिने नुसती तार सेलच्या दोन टोकांना जोडली आणि सेलने पेट घेतला, चित्रातल्या ज्वाळा हो, आणि मग बराच वेळ घरात फक्त आगी लावण्याचा कार्यक्रम चालू होता. त्या सामानात नाणं, पेन्सिल, खोडरबर आणि चक्क एक कुत्रापण आहे, त्याला सर्किटमध्ये जोडता येतं. यावरून बायकोचं आणि माझं थोडं वाजलं, तिचं म्हणणं हा गेम आहे. तिचंही अगदीच चूक नाही.

कारण फेटची अडचण तीच आहे, नुसतं उघडून पोराच्या हातात दिलं तर तो गेमच होतो. कोणीतरी एक प्रश्न द्यावा लागतो. आम्ही साधं ठेवलं, आधी कागदावर अंदाज लिहायचा, मग करून बघायचं, मग अंदाज बरोबर की चूक ते लिहायचं. हे रोज करायला आईवडिलांपैकी कोणाला तरी थोडा वेळ असावा लागतो आणि विज्ञानाची अगदीच भीती नसावी. तो वेळ तुमच्याकडे नसेल तर मी सांगेन ते सगळं सोडून द्या आणि लाइव्ह क्लास लावा, मनापासून सांगतोय, फक्त असा बघा की जिथे बॅचमध्ये दहा-बारा मुलं असतील आणि माइक चालू असेल. डेमोच्या दिवशी सगळे छानच वागतात, तेव्हा नंतरच्या एखाद्या साध्या तासाला बसू देतात का ते विचारा.

दुसरी अडचण, जीवशास्त्र. त्याचं सामान फेटमध्ये कमी आहे. नैसर्गिक निवडीचं सशांचं एक आहे, लांडगे सोडले की कुठल्या रंगाचे ससे उरतात ते बघायचं, मजेशीर आहे, पण पेशी, वनस्पतींची रचना, आरोग्य व रोग यासाठी तिथे शोधत बसू नका, ते खान अकॅडमी किंवा दीक्षावरच करा. झाडं, किडे, पक्षी ओळखायला सीक नावाचं अ‍ॅप आहे, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवाल्यांचं, त्यात अकाउंट काढावं लागत नाही म्हणून लहान मुलांना बरं पडतं. पावसाळ्यात कुंपणावरच्या गोगलगायी बघायला आमच्याकडे तेच वापरतात.

आणि तिसरी, जी मला आधी अडचण वाटली आणि आता फेटचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. अरविंद गुप्तांची खेळणी तुम्ही पाहिली असतीलच, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या साइटवर छोटे छोटे व्हिडिओ आहेत, मराठीतही, पुस्तकंही फुकट. ते बघून तिने खरा सेल आणि खरे टॉर्चचे बल्ब आणले (हे बल्ब आता शोधावे लागतात, सगळीकडे एलईडी, आणि एलईडी उलटा जोडला तर लागतच नाही, त्यामुळे या प्रयोगाला गैरसोयीचा). समांतर जोडले तर दोन्ही बल्ब किंचित मंद झाले! फेटवर तर नव्हते झाले. आता खरं कोणाचं? सेल रिमोटमधून काढलेला, जुना. मग सिम्युलेशनमध्ये परत गेलो, तिथे अ‍ॅडव्हान्स्ड नावाचा एक कप्पा आहे, त्यात सेलचा स्वतःचा रोध वाढवता येतो, तो वाढवला आणि दुसरा बल्ब जोडल्याबरोबर तिथेही दोन्ही मंदावले. म्हणजे फेटचा सेल आदर्श होता आणि आमचा रिमोटवाला थकलेला. हे आठवीच्या पुस्तकात नाही, परीक्षेत येणार नाही, पण त्या दिवशी तिने आपणहून आजीला फोन करून सांगितलं, आजीला काय कळलं देव जाणे.

त्यामुळे मला विचाराल तर फेट एकटं नको, फेट आणि अरविंद गुप्ता अशी जोडी. एकात सामान संपत नाही, तुटत नाही, करंट डोळ्यांना वाहताना दिसतो. दुसऱ्यात घरी केलेल्या छोट्या मोटरची तार नीट खरवडली नाही तर ती फिरत नाही, आणि का फिरत नाही हे शोधताना जे शिकायला होतं ते स्क्रीनवर होत नाही. स्थितिक विद्युतचंही तसंच, सातवीला तो धडा आहे, आणि आपल्याकडे पावसाळी दमट हवेत खरा फुगा भिंतीला धड चिकटत नाही, तेव्हा फेटवरचा फुगा आणि स्वेटर उपयोगी पडतो, मग डिसेंबरच्या कोरड्या हवेत खरा करून बघा.

मार्कांचं विचारणारे असतातच. माझ्या अंदाजाने घटक चाचणीत या जोडीने फार फरक पडणार नाही, त्यासाठी दीक्षा आणि पुस्तकाचा स्वाध्याय हेच बरं. पण सहावीला होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला बसवायचं डोक्यात असेल तर त्यात लेखीनंतर प्रात्यक्षिक आणि पुढे प्रकल्प-मुलाखत असते, तिथे हाताने केलेलं पोर आणि नुसतं बघितलेलं पोर यात फरक पडत असावा असं मला वाटतं.

घरात एकच फोन असेल आणि तो दिवसभर बाबांबरोबर बाहेर जात असेल तर फेटची दोन-तीन सिम्युलेशनं उतरवून ठेवा, फोन आडवा धरून चालतात, लॅपटॉपवर जास्त मोकळी वाटतात एवढंच. सातवीत असेल तर फुग्यापासून सुरुवात करा. आठवीत असेल तर सर्किट, मग अणू बनवायचं एक आहे ते, अणूचे अंतरंग या धड्याबरोबर. ती घरची मोटर करायची असेल तर तार हार्डवेअरच्या दुकानात नाही मिळणार, मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जा आणि इनॅमलची (वरून लेप असलेली) वायंडिंगची तार मागा, केसासारखी बारीक नको म्हणावं. वेटोळ्याच्या एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं अर्ध्याच बाजूने. का, ते पोरालाच शोधू द्या.