फोमचा डंजन, 8 महिन्यांनंतर: रंग टिकला, कोपरे गेले

टेबलावर छोट्या पुतळ्यांनी खेळायच्या रोलप्लेइंग खेळासाठी केलेल्या डंजनचा, म्हणजे दगडी तळघराचा, संच असा: 10 मिमी एक्सपीएस फोमच्या (थर्माकोलपेक्षा दाट, गुळगुळीत फोम) फरश्या, काळा अ‍ॅक्रिलिक आणि क्राफ्ट गोंदाचा लेप, करड्याचे दोन ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर रंग), तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), शेवटी मॅट वार्निश. दर आठवड्याला एक खेळ धरला तर सपाट भागावरचा रंग अजून जसाच्या तसा आहे. मार बसलाय तो कडांना, आणि त्याचं मूळ पहिल्या लेपात आहे.

चौकोन 1 इंचाचा, म्हणजे खेळातले 5 फूट. सांधे ब्लेडने हलके चिरून बॉलपेनने दाबून रुंद करायचे. दगडाचा पोत येतो अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या चुरगळलेल्या गोळ्याने. जोर लावून दाबा. पोत उथळ राहिला तर ड्रायब्रशला धरायला काहीच उरत नाही.

काळा रंग आणि गोंद निम्मेनिम्म. पहिला हात थोडं पाणी घालून, म्हणजे सांध्यांत उतरतो. तो रात्रभर वाळला की दुसरा घट्ट हात. पाठीलाही एक हात हवाच, नाहीतर वाळताना गोंद आकसतो आणि पातळ फरशी वाटीसारखी उचलली जाते. स्प्रे प्रायमर इथे नकोच. त्यातलं सॉल्व्हंट फोम विरघळवतं, आणि लेपात सुईएवढी फट राहिली तरी तिथून आत खड्डा पडतो.

खरी मजा करड्या रंगात. त्याआधी दहातल्या दोन-तीन दगडांना पातळ तपकिरी किंवा शेवाळी हिरवा द्या, नाहीतर सगळी फरशी एकाच साच्यातली दिसते. मग गडद करडा सढळ हाताने. वॉश त्यानंतर; तो सपाट जागी साचला तर वाळल्यावर चहाच्या कपासारखं वर्तुळ उमटतं, म्हणून ओला असतानाच कोरड्या ब्रशने टिपून घ्यावा. फिकट करडा सगळ्यात शेवटी, ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसून. इथे घाई केली की दगडावर खडू फासल्यासारखं दिसतं.

आता झीज. फरश्या जिथे बोटांनी उचलल्या जातात तिथे टवके उडून आतला फोम डोकावतो. धारदार कडेवर लेप पातळच बसतो. लेपाआधी कड सँडपेपरने किंचित गोल करून तिथे तिसरा हात दिलेल्या फरश्या बऱ्याच धड राहिल्या. मधल्या बोळात मिनींचे (छोट्या पुतळ्यांचे) बेस सरकून सरकून वार्निश घासलं गेलंय. तिरप्या उजेडात तुकतुकीत पट्टा दिसतो. मॅटचा हा गुणच आहे, तक्रार नाही.

एकावर एक रचून उन्हाळ्यात ठेवलेल्या फरश्या चिकटतात आणि सोडवताना रंग घेऊन येतात, तेव्हा मध्ये बटर पेपर घालावा. सांडलेलं पाणी लगेच टिपा, गोंद मऊ पडून पांढुरका होतो. फोम हलका असल्याने फरश्या टेबलावर सरकतात; खाली न घसरणाऱ्या रबरी जाळीचा तुकडा चिकटवला की थांबतात.

काळ्या लेपाची आणि दोन्ही करड्यांची एकेक छोटी बाटली राखून ठेवा. नंतर वेगळा करडा लावला तर दुरुस्त केलेला कोपरा लांबूनही ओळखू येतो.