पाच किलोचा डिजिटल वजनकाटा: दीड वर्ष वापरल्यावर

घरी साबण करते, त्यासाठी हा काटा घेतला. क्षमता पाच किलो, एक ग्रॅमपर्यंत आकडा दाखवतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या वर्गातले बरेचसे काटे असेच चालतात.

साबणाला अंदाज चालत नाही. तेलाच्या मानाने कॉस्टिक सोडा जास्त पडला तर कातडी भाजते. म्हणून काटा आल्यावर आधी 500 ग्रॅमचं प्रमाणित वजन आणलं. मधोमध ठेवलं की बरोबर 500. कोपऱ्यांवर ठेवलं तर एकीकडे 499, एकीकडे 502. माल मधोमध ठेवा, काटा सपाट जागी ठेवा, पंखा बंद करा. एवढं केलंत तर तक्रारीला जागा नाही.

एक दोष मात्र सांगायलाच हवा. भांडं ठेवून शून्य केलं आणि सुगंधी तेल थेंब थेंब सोडलं, तर आकडा शून्यावरच बसून राहतो. पंधरा-वीस थेंब पडले तरी शून्य! असे काटे शून्याजवळची बारीक हालचाल आपोआप पुसून टाकतात, म्हणजे रिकाम्या काट्यावर आकडा उगाच नाचत नाही. सावकाश वाढणारं वजनही त्यात पुसलं जातं. उपाय सोपा आहे: शून्य केल्यावर 500 चं वजन काट्यावरच भांड्याशेजारी ठेवा, आकडा 500 दिसू द्या आणि मग थेंब सोडा. आता मोजतो.

यापुढचं काट्याबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त आहे, पण ते गाळून परीक्षण लिहिलं तर ते खरं होणार नाही.

मी वडी कापली की लगेच वजन करायचे. शंभर भरली की वेष्टनावर ‘100 ग्रॅम’. त्यानंतर वडी सहा आठवडे सुकते, त्यातलं पाणी उडतं. हे साबण करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, मलाही होतं. एका गिऱ्हाईक बाईंनी कळवलं, “ताई, वडी 91 भरतेय.” माझ्या तोंडावर पहिलं उत्तर आलं ते असं: तुमचा काटा चुकत असेल. टाइपसुद्धा केलं होतं. पाठवायच्या आधी मांडणीवरची एक सुकलेली वडी काट्यावर ठेवली. 91. दुसरी ठेवली. 92.

काटा खोटं बोलत नव्हता. मी त्याला सोयीच्या दिवशी विचारत होते.

पिशवीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन वजनं ठेवू नका, असं बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात आहे. मूळ हिब्रूत तिथे ‘दगड आणि दगड’ असे शब्द आहेत, कारण वजनं दगडाचीच असत. यहूदात, म्हणजे प्राचीन इस्राएली लोकांच्या दक्षिणेकडच्या राज्यात, उत्खननात सापडलेल्या अशा दगडांवरून एक शेकेल (त्यांचं वजनाचं माप) सुमारे 11.3 ग्रॅम धरतात. म्हणजे दर वडीमागे मी शेकेलला थोडी कमी एवढी काटामारी करत होते. लहानपणापासून हे वचन ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे कुणीतरी लबाड व्यापारी यायचा. माझ्या ओट्यावरचा काटा कधीच आला नाही. बायबलमधला संदेष्टा आमोसही मापं लहान करणाऱ्यांवर बोलतो, आणि ते लोक शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, कधी संपतो याची वाट पाहणारे, म्हणजे उपासना पाळणारे होते. हे मला फार लागलं. रविवारी चर्चमध्ये ‘तुमचे बोलणे होय तर होय’ हे येशूचं वचन मी मनापासून ऐकते आणि सोमवारी वेष्टनावर शंभर लिहिते, हे देवापुढे कसं चालावं?

टाइप केलेलं पुसलं. बाईंना लिहिलं, “तुमचं बरोबर आहे, चूक माझी आहे.” मग जुन्या वहीतून नावं काढली आणि प्रत्येकाला कारण लिहून एक वडी पाठवली. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट देईन म्हटलं होतं. एक-दोन वड्या नेलेल्यांना चौपटीहून जास्त पोचलं, पुष्कळ नेलेल्यांची जेमतेम भरपाई झाली. काही जणांनी “एवढ्यासाठी कशाला?” असं कळवलं. प्रेमाने लिहिलं होतं, पण मला ते पटलं नाही. थेंब थेंब टाकलं की आकडा हलत नाही, हे मी रोज पाहते.

आता वजन सहाव्या आठवड्यानंतर, वेष्टनात घालायच्या आधी. कापताना वडी जाड ठेवते, सुकून शंभराच्या वर राहील इतकी.

काट्याला पाचपैकी चार. बॅटरी उतरली की आकडा तरंगायला लागतो, तेव्हा लगेच बदला. तिघांचे पत्ते अजून मिळालेले नाहीत. त्यांच्या वड्या नावं घालून मांडणीवर वेगळ्या ठेवल्या आहेत.