पहिल्या तीन मिनिटांची शिकवणी : जळगावातील थरारपट कार्यशाळेचा अनुभव

थरारपटाची सुरुवात कशी रचावी, एवढ्या एकाच विषयावर जळगावात तीन दिवसांची कार्यशाळा होणार आहे असे कळले, त्याच दिवशी मी नाव नोंदवले. खानदेशात लघुपट करणाऱ्या मुलामुलींची संख्या आता लहान राहिलेली नाही. अमळनेर, चोपडा, शिरपूर, भुसावळ अशा गावांतून मोबाईलवर चित्रित केलेल्या अहिराणी कथा सतत येत असतात, आणि त्यांतील अभिनयाची व बोलीची ताकद पाहून मन भरून येते. मात्र कॅमेरा कोठे ठेवावा आणि कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्या शॉटवर जाणे, नेमका कधी द्यावा, हे शिकण्यासाठी आजही बहुतेकांना पुण्या-मुंबईकडे पाहावे लागते. त्यामुळे तीन हजार रुपये शुल्क, त्यात दोन वेळचे जेवण आणि एका रात्रीचे प्रत्यक्ष चित्रीकरण, ही मांडणी मला रास्त वाटली. तीन दिवसांनंतरही ते शुल्क वाया गेले असे मी म्हणणार नाही. परंतु काही उणिवा अशा आहेत की त्या दूर झाल्याशिवाय पुढच्या तुकडीने डोळे झाकून नाव नोंदवू नये.

मार्गदर्शक व्यवसायाने चित्रपट संकलक (एडिटर) होते, आणि त्याचा फायदा पहिल्याच तासात जाणवला. त्यांनी कॅमेऱ्याच्या भिंगांपासून किंवा सॉफ्टवेअरपासून सुरुवात केली नाही. फळ्यावर त्यांनी एकच प्रश्न लिहिला : या क्षणी प्रेक्षकाला काय ठाऊक आहे आणि पात्राला काय ठाऊक आहे? पुढचे तीन दिवस प्रत्येक शॉट, प्रत्येक कट आणि प्रत्येक आवाज ते या प्रश्नावर घासून पाहत राहिले. 1962 साली थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीतले टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. तो टेबलाखाली आहे हे आधी दाखवले, तर वर चाललेल्या साध्या गप्पाही पंधरा मिनिटे श्वास रोखून ऐकल्या जातात. हे उदाहरण मी पूर्वी अनेकदा वाचले होते, पण कॅमेऱ्याच्या हालचालीशी त्याची सांगड घातलेली पहिल्यांदाच पाहिली.

ती सांगड घातली गेली ऑर्सन वेल्स यांच्या 1958 सालच्या ‘टच ऑफ ईव्हिल’च्या पहिल्या शॉटवरून. एक हात बॉम्बच्या घड्याळाची वेळ लावतो, बॉम्ब मोटारीच्या डिकीत ठेवला जातो, आणि मग क्रेनवरचा कॅमेरा घरांच्या छपरांवरून जात, गर्दीतून वाट काढत, सुमारे तीन मिनिटे वीस सेकंद एकही कट न देता त्या मोटारीच्या आणि रस्त्याने चालणाऱ्या नवविवाहित जोडप्याच्या मागेपुढे राहतो. मोटार जवळ येते, अडते, मागे पडते, पुन्हा जोडप्याशेजारी येऊन थांबते. स्फोटाचा आवाज येतो आणि त्यानंतरच चित्रपटातला पहिला कट पडतो. मार्गदर्शकांनी आम्हाला घड्याळ हातात घेऊन हा शॉट पुन्हा पाहायला लावले, आणि मोटार चौकटीबाहेर असतानाच आपली भीती सर्वांत जास्त असते हे प्रत्येकाला स्वतःहून उमगले. कट न देण्याचे कारण येथे कौशल्याचे प्रदर्शन नसते. कट दिला की वेळ कापली जाऊ शकते, हे प्रेक्षकाला नकळत ठाऊक असते. कटच नसला तर बॉम्बचे घड्याळ आणि प्रेक्षकाचे घड्याळ एकाच गतीने चालतात.

याच्या शेजारी त्यांनी फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या 1974 सालच्या ‘द कॉन्व्हर्सेशन’ची सुरुवात ठेवली, आणि ही निवड मला संपूर्ण कार्यशाळेतील सर्वांत विचारपूर्वक वाटली. तेथेही कट नसलेला लांब शॉट आहे, पण कॅमेरा हलत नाही. उंचावरून सान फ्रान्सिस्कोच्या एका गजबजलेल्या चौकावर झूम अतिशय संथपणे आत जात राहतो. अधूनमधून ध्वनीत विचित्र खरखर येते. आपण तटस्थपणे गर्दी पाहत नसून कोणीतरी चोरून पाहत आणि ऐकत आहे, हे बऱ्याच उशिरा कळते. क्रेनवरचा कॅमेरा प्रेक्षकाला पात्रांच्या बरोबर चालवतो, तर झूम त्याला दूर ठेवूनच डोळे जवळ नेतो. हा फरक शब्दांत सांगितला तर तांत्रिक वाटतो, परंतु दोन्ही दृश्ये पाठोपाठ पाहिल्यावर तो अंगावर येतो. मोबाईलवर बोटे ताणून झूम करणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना तो त्या दिवशी मनापासून पटला.

फ्रिट्झ लांग यांचा 1931 सालचा ‘एम’ दाखवला नसता तर मी नाराज झालो असतो. घरी न परतलेल्या मुलीला आई हाका मारते, आणि त्या हाकांवर रिकामा जिना, जेवणाच्या टेबलावरचे रिकामे ताट, गवतात घरंगळत आलेला चेंडू आणि तारांमध्ये अडकलेला फुगा एवढीच चित्रे येतात. हत्या पडद्यावर दिसत नाही. ती या रिकाम्या चौकटींच्या मधल्या जागेत घडते. बोलपट नुकता जन्मलेला असताना ध्वनी आणि चित्र यांना असे वेगळे चालवण्याचे धैर्य एका दिग्दर्शकाने दाखवले, हे सांगताना मार्गदर्शकांचा आवाज बदलला होता.

भारतीय उदाहरणांकडे मात्र फार कमी वेळ दिला गेला. ‘कहानी’ची 2012 सालची सुरुवात, कोलकात्याच्या मेट्रोतील विषारी वायूचा हल्ला आणि तेथून थेट दोन वर्षांची उडी, घाईघाईने दाखवली गेली. त्या चित्रपटाच्या संकलनासाठी नम्रता राव यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. ती उडी प्रेक्षकाच्या मनात कोणता प्रश्न अनुत्तरित ठेवून पुढे जाते, यावर एक तास सहज बोलता आला असता. राज खोसला यांच्या 1964 सालच्या ‘वह कौन थी’चे नावही निघाले नाही. पावसाळी रात्र, मोटारीच्या काचेवरचे वायपर, दिव्यांच्या झोतात उभी असलेली पांढऱ्या साडीतील स्त्री आणि आपोआप उघडणारे स्मशानाचे फाटक, ही सुरुवात आमच्या आईवडिलांच्या पिढीच्या मनात घर करून आहे, आणि कृष्णधवल छायालेखनात दिव्याचा एकच स्रोत किती काम करतो हे शिकवण्यासाठी याहून जवळचे उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

पहिल्या दिवसाची खरी तक्रार सभागृहाविषयी आहे. कार्यशाळा एका शाळेच्या सभागृहात होती, खिडक्यांना पडदे नव्हते आणि दुपारचे ऊन थेट पडद्यावर येत होते. ज्या विषयाचा निम्मा जीव अंधारात आहे तो विषय अशा उजेडात शिकवणे म्हणजे विद्यार्थ्यांवर अन्याय आहे. त्याहून मोठी अडचण ध्वनीची होती. ‘टच ऑफ ईव्हिल’च्या प्रदर्शनाच्या वेळी स्टुडिओने त्या पहिल्या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत चढवले होते. 1998 साली अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च यांनी वेल्स यांच्या 58 पानी टिपणाच्या आधारे चित्रपटाचे पुन्हा संकलन केले तेव्हा श्रेयनामावली काढली, आणि संगीताच्या जागी रस्त्यावरचे आवाज व जाताजाता ऐकू येणारी वेगवेगळ्या ठिकाणची गाणी आणली. दोन्ही आवृत्त्या आम्हाला दाखवल्या गेल्या हे कौतुकास्पद आहे. परंतु टेबलावर ठेवलेल्या दोन लहान स्पीकरांतून मोटारीच्या रेडिओचे गाणे जवळ येणे आणि दूर जाणे मागच्या रांगांना ऐकूच आले नाही. ज्यांच्याकडे इअरफोन होते त्यांनी रात्री घरी ते पुन्हा ऐकले. आयोजकांकडे ही तक्रार केली तेव्हा त्यांनी ती नीट ऐकून घेतली, पण दुसऱ्या दिवशीही स्पीकर तेच होते.

दुसरा दिवस चित्रीकरणाचा होता आणि तो तिन्हींत सर्वश्रेष्ठ ठरला. यावल तालुक्यातील एका केळीच्या बागेत रात्री आम्हाला गटागटाने नेण्यात आले. प्रत्येक गटाने नव्वद सेकंदांची सुरुवात चित्रित करायची होती, आणि प्रकाशासाठी हातातील बॅटरीखेरीज बाहेरून काहीही आणायचे नव्हते. आमच्या गटाने निवडलेली गोष्ट खानदेशातील कोणत्याही शेतकऱ्याला सांगावी लागणार नाही : शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आहे, दोन वाजता लाईट येते, एक माणूस पाण्याची मोटार सुरू करायला एकटा शिवारात निघतो. तो स्टार्टरचे बटण दाबतो, मोटार गुणगुणते, आणि पाणी बागेच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायला वेळ लागतो. हा उशीरच आमचा बॉम्ब होता. पाइपाच्या तोंडातून आधी हवा फसफसते, मग पाणी येते, आणि पाण्याबरोबर एक चप्पल वाहत येते.

मार्गदर्शक रात्रभर प्रत्येक गटाबरोबर फिरत होते आणि त्यांच्या सूचना अगदी नेमक्या होत्या. मोबाईलचा आपोआप बदलणारा एक्स्पोजर, म्हणजे चित्राच्या उजेडाचे प्रमाण, बंद करून तो कुलूपबंद करा, अन्यथा बॅटरीचा झोत कॅमेऱ्याकडे वळताच सारे चित्र काळे पडेल आणि पुन्हा हळूहळू उजळेल. मोटारीच्या खोलीतील दिव्याखाली शटर, म्हणजे प्रत्येक चौकट टिपण्याचा वेळ, एक पन्नासांश सेकंदावर ठेवा, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे आणि शटर त्याच्याशी जुळले नाही तर चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. चेहऱ्यावर उजेड टाकण्याचा मोह सोडा. बॅटरी केळीच्या पानावर मारा आणि तेथून परतलेला उजेड चेहऱ्यावर घ्या. ही शेवटची सूचना मी कधीही विसरणार नाही. केळीचे फाटलेले, ओले पान उजेड असा काही परतवते की माणसाच्या गालावर हिरवट, अस्थिर छटा येते आणि वारा आला की ती हलते. हजारो रुपयांच्या दिव्यांनी ती साधली नसती, आणि ती आमच्याच शिवारात उभी होती.

कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी पाहतो, यावर त्या रात्री बराच वाद झाला. गटातील दोघांना सारी सुरुवात अज्ञात माणसाच्या नजरेतून, खोडांच्या आडून, हातात धरलेल्या कॅमेऱ्याने हवी होती. 1978 सालच्या ‘हॅलोवीन’मध्ये जॉन कार्पेंटर यांनी प्रेक्षकाला मारेकऱ्याच्या मुखवट्याआडून पाहायला लावले आणि मग कॅमेरा उलटा फिरवून तो मारेकरी सहा वर्षांचा मुलगा असल्याचे दाखवले, हे सकाळी आम्ही पाहिले होते. मार्गदर्शकांनी विचारले की तुमच्या गोष्टीत नजर उलटी वळल्यावर दाखवण्यासारखे काही आहे का. नव्हते. तेव्हा कॅमेरा तिवईवर गेला, केळीच्या दोन रांगांच्या मधोमध, आणि शेतकऱ्याची बॅटरी लांबून लुकलुकत जवळ येऊ लागली. बागमालकाने बिबट्याच्या भीतीने आमच्याबरोबर काठ्या घेतलेले दोन गडी दिले होते. त्यांपैकी एकाच्या हातातील बॅटरी चुकून चौकटीच्या अगदी टोकाला क्षणभर चमकली, आणि हा अनाहूत दुसरा उजेडच पुढे आमच्या सुरुवातीचा कणा झाला.

तिसरा दिवस संकलनाचा होता. वॉल्टर मर्च यांनी ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ या पुस्तकात कट कशासाठी द्यावा याचा जो क्रम लावला आहे, तो फळ्यावर लिहिला गेला : भावनेला 51 टक्के, कथेला 23, लयीला 10, प्रेक्षकाची नजर कोठे आहे याला 7, पडद्यावरच्या द्विमितीय रचनेला 5 आणि प्रत्यक्ष जागेच्या सलगतेला अवघे 4. आमच्या चित्रीकरणात एक दोष होता. शेतकऱ्याच्या उजव्या हातातील बॅटरी पुढच्या शॉटमध्ये डाव्या हातात होती, आणि त्यामुळे पाइपाकडे वाकणारा सर्वांत चांगला शॉट आम्ही बाजूला ठेवला होता. मार्गदर्शकांनी तो परत आणायला लावला. चेहऱ्यावरचा श्वास खरा आहे, प्रेक्षक हात पाहणार नाही, असे ते म्हणाले. आम्ही इतर गटांना तो भाग दाखवला तेव्हा हाताची चूक एकालाही दिसली नाही.

आमच्या पहिल्या आवृत्तीत नव्वद सेकंदांत 34 कट होते, शेवटच्या आवृत्तीत 11 राहिले. जे गेले त्यांत बहुतेक शेतकऱ्याच्या घाबरलेल्या चेहऱ्याचे क्लोज-अप होते. अमळनेरच्या मित्राने त्या भूमिकेत ‘कोन शे रे तठे?’ (कोण आहे रे तिथे?) हे वाक्य फार सुंदर म्हटले होते, तेही गेले, कारण तो ओरडतो याचा अर्थ त्याला धोका कळला आहे, आणि आमच्या प्रेक्षकाला तो आधी कळायला हवा होता. मोटारीचा आवाज मात्र आम्ही चित्राच्या आधी आणला. शेतकरी अजून बांधावर चालत असतानाच गुणगुण ऐकू येऊ लागते, आणि तो थबकतो. बटण त्याने दाबण्यापूर्वीच मोटार चालू आहे, ही नवी गोष्ट केवळ ध्वनीची पट्टी संकलनाच्या टाइमलाइनवर चार सेकंद डावीकडे, म्हणजे आधी, सरकवल्याने जन्माला आली.

येथेच कार्यशाळेची दुसरी मोठी उणीव सांगणे भाग आहे. बावीस जणांसाठी संकलनाचे चार लॅपटॉप होते, आणि त्यांतील एक सारखा अडकत होता. ध्वनीसाठी वेळापत्रकात फक्त शेवटचा एक तास ठेवला होता, तोही निम्मा प्रमाणपत्रांच्या वाटपात गेला. केळीच्या पानांची सळसळ, पाइपातली हवा, दूरच्या रेल्वेचा आवाज, हे सारे आम्ही रात्री वेगळे ध्वनिमुद्रित करून आणले होते. त्यातील बराच भाग वापरताच आला नाही. प्रमाणपत्राऐवजी तो अर्धा तास मिळाला असता तर मला अधिक आनंद झाला असता.

ज्याने यापूर्वी निदान एक लघुपट पूर्ण केला आहे, त्याने पुढच्या तुकडीत अवश्य जावे. अगदी नवख्याला दुसऱ्या दिवसापासून वेग झेपणार नाही. जाताना स्वतःचा लॅपटॉप, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि रात्रीच्या चित्रीकरणासाठी स्वेटर न्यावा. आयोजकांनी खिडक्यांना काळे कापड लावावे आणि ध्वनीला अर्धा दिवस द्यावा, असे मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून दिले आहे. आमच्या गटाने आता वर्गणी काढून एक ध्वनिमुद्रक भाड्याने घ्यायचे ठरवले आहे, आणि रात्रीची पाळी पुन्हा आली की त्या बागेत जाऊन चपलेआधीची फसफस नव्याने टिपून आणायची आहे.