एमबीए ॲडमिशनच्या नावावर आमच्या घराला कसं लुटलं, सीईटी दिलेल्या पोरापोरींच्या घरच्यांनी नक्की वाचा

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो. नागपूरच्या एका एजंटनं माझ्या लहान बहिणीच्या एमबीए ॲडमिशनमध्ये आमचे एक लाख ऐंशी हजार रुपये खाल्ले, आणि त्याहून वाईट म्हणजे तिचं अख्खं वर्ष खाल्लं. त्याची पद्धत अशी आहे की शिकलेल्या घरातही समजत नाही, म्हणून सगळं तपशिलात सांगतो, थोडं लांबेल पण वाचा.

बहीण बीकॉम झाली, घरीच अभ्यास करून तिनं एमबीएची सीईटी दिली आणि पर्सेंटाइल चांगलं आलं. निकाल लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन. समोरच्या माणसाला तिचं नाव, पर्सेंटाइल, कॅटेगरी सगळं माहीत. बाबांशी इतक्या अदबीनं बोलला की विचारू नका, "काकाजी, तुम्ही टेन्शन नका घेऊ, एवढी हुशार पोरगी आहे, तिले मुंबईले पाठवा, जमनालाल बजाजमध्ये आपली सेटिंग आहे." आता जमनालाल बजाज म्हणजे आपल्या वर्ध्याचे, हे नाव आमच्या भागात लहान पोरालाही माहीत, त्यांच्या नावाची ती संस्था मुंबई विद्यापीठाची, १९६५ पासूनची, चर्चगेटला आहे. नाव ऐकूनच बाबा खुर्चीत सरळ बसले.

धरमपेठेत त्याचं ऑफिस होतं. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर विद्यार्थ्यांचे फोटो, आत चार-पाच पोरी कॉम्प्युटरवर फॉर्म भरत बसलेल्या. गेल्या गेल्या चहा आला आणि ओरिजिनल टीसी, मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर सगळं "व्हेरिफिकेशनले" म्हणून ठेवून घेतलं. मग म्हणाला कॅपचा, म्हणजे सरकारी ऑनलाइन ॲडमिशनचा, फॉर्म आम्हीच भरून देतो, खेड्यात नेट चालत नाही, एखादा ओटीपी चुकला तर सीट जाईल. आणि रजिस्ट्रेशनला मोबाईल नंबर आणि ईमेल त्यानं स्वतःचे टाकले. खरी चोरी इथं झाली. लॉगिन त्याचं, पासवर्ड त्याचा, सीईटी सेलचे, म्हणजे हे ॲडमिशन चालवणाऱ्या सरकारी ऑफिसचे, मेसेज येणार तेही त्यालाच.

सीट ब्लॉक करायले म्हणून २५ हजार यूपीआयनं घेतले, बाकीचे रोख. भाव वाढेल म्हणून घरातल्या पुढच्या खोलीत कापूस भरून ठेवला होता, त्याच्यामुळे सगळ्यांच्या अंगाले खाज सुटायची तरी बाबांनी विकला नव्हता, तो पडत्या भावात काढला. पेरणी तोंडावर होती, खत-बियाण्याचे पैसेही त्यातच गेले. रोख रकमेची पावती मागितली तर म्हणाला डोनेशनची पावती नसते काकाजी. पावती दिली फक्त २५ हजारांची, त्यावर बारीक अक्षरात "कन्सल्टन्सी फी, परत मिळणार नाही".

काही दिवसांनी व्हॉट्सॲपवर लेटर आलं, मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेजनं स्वतः भरायच्या जागेतून, सीट पक्की झाल्याचं. विद्यापीठाचा लोगो, गोल शिक्का, सही, सगळं. बाबा म्हणाले लेटर तं खरंच दिसते बाप्पा. शिक्क्याची कड फाटल्यासारखी होती, म्हणजे दुसरीकडून कापून चिकटवलेला, आणि खाली संपर्काचा ईमेल जीमेलचा होता. असं लेटर आलं तर आधी ह्या दोन जागा पाहा.

बडनेऱ्यावरून विदर्भ एक्सप्रेसनं मी आणि बहीण मुंबईले गेलो. तिथल्या ऑफिसातल्या बाईंनी लेटर पाहिलं, आम्हाले बसवलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात सांगितलं की हे लेटर आमचं नाही, आमच्याकडे मॅनेजमेंट कोटाच नाही. इन्स्टिट्यूट लेव्हलच्या २० टक्क्यांपर्यंतच्या जागा असतात त्या खाजगी विनाअनुदानित कॉलेजात, विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागात ॲडमिशन सीईटीच्या मेरिटवर कॅपमधूनच होते. मग त्यांनीच तिचा नंबर घेऊन ॲलॉटमेंटची यादी उघडली आणि म्हणाल्या, तुझं तर पहिल्याच राउंडला नाव लागलंय, पुण्याकडच्या एका खाजगी कॉलेजात. बहिणीनं त्या कॉलेजचं नाव कधी ऐकलंही नव्हतं.

म्हणजे त्यानं ऑप्शन फॉर्ममध्ये, जिथं कॉलेजं पसंतीच्या क्रमानं भरायची असतात तिथं, पहिल्या नंबरवर तेच कॉलेज टाकलं होतं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की सीट आपोआप फ्रीझ होते, मग पुढच्या राउंडमध्ये तुम्ही नसता. तिथूनच त्याला फोन लावला तर काय म्हणावं, "मुंबईचं यावर्षी थोडं अडकलं, पण मी पुण्यात ॲडजस्ट करून देतो, अजून ६० हजार लागतील." जी सीट पोरीले तिच्या स्वतःच्या मार्कांवर सरकारनं दिली होती तीच तो आम्हाला साठ हजाराले विकून राहिला होता! आणि आम्ही घरी पोहोचेपर्यंत त्या सीटचीही रिपोर्टिंगची, म्हणजे कॉलेजात हजर व्हायची, तारीख निघून गेली.

आता जे मला नंतर समजलं आणि ज्यानं रात्री झोप येत नाही ते सांगतो. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण ॲडमिशन कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोटा किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलला ते लागू नाही. म्हणजे आमच्या पोरीची ट्यूशन फी शून्य होती. मागच्या वर्षीचा कटऑफ पाहिला तर स्वतः फॉर्म भरला असता तर नागपूर विद्यापीठाच्या विभागात तिचं नाव आरामात लागत होतं. एजंट हे कधीच सांगणार नाही कारण हे सांगितलं तर त्याचं दुकान बंद होते. आणि समजा त्यानं खरंच कोट्यातून सीट मिळवून दिली असती तरी दोन वर्षांची फी आम्ही भरत बसलो असतो.

कॅपमध्ये कोणाचीच सेटिंग चालत नाही. सीट स्वीकारायची फी १००० रुपये आहे आणि ती उमेदवाराच्या लॉगिनमधूनच ऑनलाइन भरायची असते. फॉर्म तपासायले जिल्ह्याच्या ठिकाणी सुविधा केंद्र असते, तिथं विचारायचे पैसे लागत नाहीत. कोणत्या खाजगी कॉलेजची फी किती मंजूर आहे ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर दिसते. रजिस्ट्रेशन कोणाकडूनही करून घ्या, गावातल्या सेतूवर करा, पण मोबाईल नंबर पोराचा स्वतःचाच टाका आणि पासवर्ड कोणाले देऊ नका, सख्ख्या मामाले पण नाही. आणि ओरिजिनल कागद कॉलेजलाही ठेवून घेता येत नाहीत, मग हा एजंट कोण लागून गेला.

आमचे कागद परत मिळवायले लय त्रास झाला. आधी म्हणाला उरलेले पैसे द्या मग कागद, नंतर धमकी की डोनेशन तुम्ही दिलं, तुम्हीच आत जाल. बाबा ह्या धमकीनं खरंच घाबरले होते, जेवण सुटलं होतं त्यांचं. १९८७ च्या कायद्यानं कॅपिटेशन फी, म्हणजे हे डोनेशन, मागणं आणि घेणं गुन्हा आहे, आणि फसवल्या गेलेल्या माणसाले तक्रार करायचा पूर्ण हक्क आहे, म्हणून ह्या धमकीले कोणी भिऊ नका. गावातले चार लोक घेऊन ऑफिसात जाऊन बसलो तेव्हा कागद मिळाले, पैसे नाही. पोलीस स्टेशनला त्या पावतीवरचं "कन्सल्टन्सी फी" वाचून म्हणाले हा दिवाणी मामला दिसते. मग लेटरची प्रिंट, कॅपची ॲलॉटमेंट आणि मुंबईच्या ऑफिसनं लिहून दिलेलं "हे पत्र आमचं नाही" असं सगळं जोडून पोलीस आयुक्तालयात अर्ज दिला, आता तो आर्थिक गुन्हे शाखेकडे आहे. ते धरमपेठेतलं ऑफिस आता बंद आहे.

बहीण पुन्हा सीईटी देऊन राहिली, यावेळेस लॉगिन तिच्याच फोनवर आहे.

यवतमाळ, वाशिम, अमरावतीकडच्या अजून पोरांचे फोटो त्या भिंतीवर होते, त्यांच्यापैकी कोणाचे पैसे अडकले असतील तर गप्प बसू नका, नागपूरच्या आर्थिक गुन्हे शाखेत तुमचाही अर्ज द्या, अर्ज जास्त झाले की हा एकट्याचा व्यवहार होता असं कोणाले म्हणता येत नाही. पैसे यूपीआयनं नुकतेच गेले असतील तर आधी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की खात्यातून पुढे सरकतात. आणि व्हॉट्सॲप चॅट आत्ता उघडून पाहा, ह्या माणसानं आमच्याशी बोलताना मेसेज आपोआप डिलीट व्हायचं सेटिंग लावून ठेवलं होतं, तसं तुमच्याकडेही असेल तर आजच दुसऱ्या फोननं सगळ्याचे फोटो काढून ठेवा.